शेपटीवरचा अंगठा

मेइयुनने सापाचं पिल्लू उताणं केलं आणि त्याची शेपटी तर्जनीवर टेकवली. दाबली मात्र नाही. पेन्सिलीएवढं जाड, पांढरं आणि अंगभर पिवळे डाग असलेलं ते पिल्लू तिच्या मनगटाला घट्ट वेढा घालून होतं.

"थांबलीस का?" बाकावरून वडील म्हणाले. त्यांच्या गालात सुपारी होती.

"अंग आखडलंय त्याने, बाबा. सैल पडू दे. आखडलं की नर असला तरी काही दाखवत नाही."

"मग थिंगवेइला दे. आता त्यालाच करायचंय हे सगळं."

थिंगवेइ तिचा धाकटा भाऊ. ताइचुंग शहरातलं चहाचं दुकान बुडाल्यावर गेल्याच आठवड्यात तो पिंगतुंगला घरी परतला होता. काल जेवताना माशाचा काटा काढता काढता वडिलांनी सांगून टाकलं, की नवीन वर्षापासून शेड त्याची. मेइयुन नवऱ्याला सोडून माहेरी आली तेव्हा या शेडमध्ये कोंबड्यांची पिसं आणि मोडके पिंजरे होते. साप ठेवायचे खण तिने बसवले, पाळीव अजगरांच्या जोड्या तिने लावल्या, अंडी उबवायची पेटी तिने जुन्या फ्रिजची केली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो कसा दिसतो हे काल तिने पाहिलं. रागाने तिचे कान तापले होते, पण तिने मुकाट्याने भांडी घासली.

"मादी निघाली तर ठेवायची," वडील म्हणाले. "जुन्या माद्या विकून टाकू, आणि शेड पुढे याच दुर्मिळ रंगावर चालवू. नर निघाला तर काओशुंगचा तो व्यापारी उद्या घेऊन जाईल. नराचं काय, एक सगळ्यांना पुरतो. घर चालतं ते मादीवर."

हे बोलताना ते मुलाकडे पाहत होते. त्यात आपण काही वावगं बोललो असं त्यांना वाटलं नाही.

"बाबा, वर्ष संपतं त्या रात्री मी कुठे झोपू?" मेइयुनने विचारलं.

नवरा सोडून आलेली लेक त्या रात्री माहेरी झोपली, की घराची बरकत जाते, असं मानत. म्हणून दरवर्षी ती शेडमध्ये, खणांच्या मधल्या बोळात अंथरूण टाकायची. शेड घरात धरली जात नव्हती.

वडिलांनी सुपारीची पिंक टाकली. "यंदा शेड याची. पोराच्या धंद्याला पहिल्याच वर्षी अपशकुन नको. गावात लॉज आहेत की."

"मी बघतो ना ताई," थिंगवेइ म्हणाला. "झकास खोली बघतो, टीव्हीवाली."

मेइयुनने पिल्लाचा वेढा सोडवला आणि ते त्याच्या हातात दिलं.

"शेपटीच्या मुळाशी भोक आहे ना, त्याच्या जरा खाली अंगठा ठेव. हळूच वर सरकव. जोर लावलास तर मणका मोडेल. नर असेल तर दोन लाल टोकं बाहेर येतील."

"आणि मादी असेल तर?"

"काही येत नाही."

"एवढंच? मग इतकी वर्षं भाव कसला खात होतीस!"

साप त्याने अंगापासून लांब धरला होता, फटाका धरावा तसा. पिल्लू काठीसारखं ताठ झालं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा त्याने जरा जास्त जोर दिला, तसा मेइयुनचा हात आपोआप पुढे झाला आणि मध्येच थांबला. खवल्याच्या कडेला मोहरीएवढी दोन लाल टोकं तिला दिसली आणि लगेच आत गेली. थिंगवेइ तेव्हा वडिलांच्या तोंडाकडे बघत होता.

"काही नाही! मादी आहे, बाबा!"

वडील उठून जवळ आले. मोतीबिंदूमुळे त्यांना एवढं बारीक दिसत नसे.

"मेइयुन, तू बघ गं. याचा हात अजून कच्चा आहे. तू म्हणशील ते खरं."

असं ते कधी बोलले नव्हते. तिला वाईट वाटलं, आणि आजच का बोलले म्हणून त्याहून जास्त चीड आली.

तिने पिल्लू घेतलं. तिच्या तळव्यावर ते लगेच सैल पडलं. तिने शेपटीवर अंगठा ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि न दाबताच उचलला.

"मादीच आहे," ती म्हणाली.

"अरे वा!" वडिलांनी थिंगवेइच्या पाठीवर थाप मारली. "पहिल्याच दिवशी जमलं की तुला!"

मेइयुनने पिल्लू भावाच्या हाती परत दिलं आणि त्याची बोटं नीट खाली सरकवली, मानेवर दाब येऊ नये म्हणून.

"जपून सांभाळ हिला," ती म्हणाली. "तीन-चार वर्षांत अंडी देईल."