सुनेला काम सांगायचं नाही!

सून घरात आली की सासू हात झटकून बसते, ही आपल्याकडची जुनी तक्रार. वनमालाबाईंच्या घरी मात्र उलटी गंगा होती. सासू राबत होती, सून नुसती बसून होती आणि तरीही घरात दोघींचं पटत नव्हतं!

रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या वनमालाबाई रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहत. त्यांना त्यांच्या सासूने घाण्याला जुंपल्यासारखं राबवलं होतं. ड्यूटीवरून आल्यावर चप्पल काढायच्या आत तीन कामं कानावर पडत. तेव्हाच बाईंनी ठरवलं, आपल्या सुनेला एकही काम सांगायचं नाही. आणि बाई शब्दाच्या पक्क्या! सून मोनाली दवाखान्यातल्या लॅबमधून घरी येई, तोवर भाजी शिजलेली, पोळ्या डब्यात. तिने ताट धुवायला घेतलं, की यांचं सुरू, "राहू दे, राहू दे!"

दीड वर्षात पोरीचं बोलणं आटलं. मग एके दिवशी मुलगा बुद्धभूषण जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, सिलतऱ्याकडं एक फ्लॅट आहे. मले प्लँट जवळ पडते. रविवारी दहाला पाहून पक्कं करतो."

वनमालाबाई तडक पुरानी बस्तीत नणंदेकडे गेल्या. अंजनाबाईंनी चाळीस वर्षं शाळेत पोरं सांभाळली होती. माणसांची नस त्यांना कळे.

"काय कमी केलं ताई मी तिले? एक काम सांगत नाही!"

"तेच तर चुकलं ना!" अंजनाबाई हसल्या. "तुहा तिच्यावर जीव काहून आहे, सांग? दीड वर्ष तिच्यासाठी राबून राहिली, म्हणून. ज्याच्यासाठी आपण घाम गाळतो, त्याच्यावरच आपला जीव बसते. तिले तू काही करूच देत नाहीस, मग तिचा जीव कुठून बसन?"

"म्हणजे मी सासूसारखी हुकूम सोडू?"

"हुकूम नाही वं, मदत माग! आणि नाटक नको करू. खरी गरज असन तेच माग."

वनमालाबाई घरी आल्या त्या फणकाऱ्यातच. म्हणे मदत माग! पण रविवारी सकाळी कुरडयांचा चीक शिजायला ठेवला आणि ढवळताना खांद्यातून अशी कळ आली, की लाकडी दांडा हातातून सुटला. मोनाली बाहेर जायला तयार होऊन बसली होती. बाईंनी दोनदा तोंड उघडून मिटलं. कोणाकडे काही मागायची सवयच नव्हती ना!

"मोनाली... मले जरा मदत करशील काय? खांदा चालत नाही."

मोनाली आधी इकडेतिकडे बघतच राहिली. मग ओढणी कमरेला खोचून आली. उरलेला चीक ओतला तो एकदम, आणि भसाभस गुठळ्या झाल्या. "राहू दे" हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"गुठळ्या फोड. जोरात फिरव, होते बरोबर."

आणि झालं की बरोबर! गच्चीवर मोनालीने सोऱ्या दाबला, तर पहिली कुरडई छत्तीसगडच्या नकाशासारखी निघाली. दोघी खो खो हसल्या. इतक्यात बुद्धभूषण गाडीची चावी घेऊन वर आला. "चला, दहा वाजून राहिले."

"आज नहीं हो पाएगा," मोनाली म्हणाली. "अभी आधा भगोना बाकी है. ठंडा हो जाएगा." मग सासूकडे न बघताच हळूच म्हणाली, "मम्मी, डेढ़ साल में पहली बार आपने मुझसे कुछ माँगा. मले वाटे, माह्या हातचं पाणीबी तुमाले चालत नाही."

हातचं पाणी चालत नाही! वनमालाबाई जागच्या जागी थिजल्या. त्यांच्या आजोबांच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नसे. ती गोष्ट ऐकूनच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. ज्या अपमानाविरुद्ध अख्ख्या समाजाने कंबर कसली, तोच अपमान आपण मायेच्या पोटी आपल्याच घरात करत होतो!

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चिकाने माखलेल्या हातांनीच सुनेला जवळ घेतलं. "नाही वं पोरी! सासूनं मले लई राबवलं. तुले तसं होऊ नये, एवढंच होतं माह्या मनात. एक डाव विचारलं असतं तुले, तर बरं झालं असतं."

"मीबी विचारलं असतं तर," मोनाली नाक पुसत म्हणाली.

"बरं, आता मले पाणी आण. लई तहान लागली."

मोनाली धावतच खाली गेली. बुद्धभूषणने चावी खिशात टाकली, दलालाला फोनवर नाही म्हणून सांगितलं आणि बाह्या दुमडून सोऱ्या हाती घेतला.

मंडळी, आपण दुसऱ्याला मदत करतो आणि स्वतःवरच खूश होतो. पण नुसतं देत राहणाऱ्याच्या घरात दुसरा माणूस कायमचा पाहुणा होऊन बसतो. भांडण मिटवायचं असेल, तर कधीतरी आपणही हात पुढे करावा, काहीतरी मागावं. ज्याला आपण मागतो, त्याला आपण सांगत असतो, की तुझ्यावाचून माझं अडतं. माणसाला यापेक्षा मोठा मान कोणता द्यायचा?