बलगुरूंचं शक्तिकडं

त्या रविवारी व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती, पण वजनाला कुणी हात लावत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा मधोमध उभ्या असलेल्या बलगुरूंवर खिळल्या होत्या. पांढरा सदरा, हातात तांब्याचं कडं आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू.

"स्नायू वजनानं वाढत नाहीत, स्पंदनानं वाढतात. कडं घाला आणि झोपा. सकाळी दंड भरलेले."

समोर धिप्पाड बेकरीवाला हात आडवा धरून उभा होता. गुरूंनी दोन बोटं टेकवली आणि त्याचा हात लुळ्यासारखा खाली आला. मग कडं चढवलं. आता गुरू लालबुंद होईपर्यंत दाबत होते, पण हात तसूभरही हलेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी गॅरेजवाला. असल्या गोष्टींच्या वाटेला जात नाही. तिथे गेलो ते थोरल्या बहिणीपायी. तिचा पाय मोडून तीन महिने प्लास्टर होतं. ते निघालं तेव्हा मांडीची काडी झाली होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला आठवडा आखून दिला होता: सोमवार, बुधवार, शुक्रवार पायांचा व्यायाम, मधले दिवस विश्रांती, जमेल तसं वजन वाढवायचं. ताईनं तीन आठवडे केलं, मग बलगुरूंचं कडं घातलं आणि व्यायामाला रामराम ठोकला. आदल्या आठवड्यात जिन्यात गुडघा लटपटला आणि ती चार पायऱ्या घरंगळली.

"कडं सैल होतं रे," ती म्हणाली.

"कडं नाही ताई, मांडी सैल आहे."

दोन दिवस तिनं माझ्याशी अबोला धरला. म्हणून मी ताईबरोबर बाईंनाही घेऊन आलो होतो.

बाई उठल्या. "गुरुजी, एक प्रयोग करू या. दोन सारख्या पिशव्या. एकीत कडं, दुसरीत तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा. कुठली बांधली ते तुम्हालाही कळणार नाही. हात दाबून ओळखायचं."

"शक्तीची परीक्षा घेणं पाप आहे," गुरू म्हणाले.

"होऊ द्या की," मागून ताई म्हणाली. "मलाही बघायचंय."

मग गुरूंचा नाइलाज झाला. मी आतल्या खोलीत बसून बेकरीवाल्याच्या मनगटाला पिशवी बांधायचो आणि त्याला एकट्याला बाहेर पाठवायचो. असं दहा वेळा केलं. गुरूंनी चार वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं.

"मग आधी हात खाली कसा गेला?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"त्यांनी आधी कुठे दाबलं?" बाई म्हणाल्या.

त्यानं मनगट दाखवलं.

"आणि कडं घातल्यावर?"

त्याचं बोट कोपराच्याही वर, दंडावर गेलं आणि तिथेच थांबलं.

ते तर माझ्या रोजच्या धंद्यातलं होतं. पान्याचा दांडा नटापासून लांब धरला की घट्ट नट सुटतो, जवळ धरला की दम निघतो; इथे खांदा म्हणजे नट. शिवाय पहिल्यांदा गुरू बोलता बोलता अचानक दाबत आणि दुसऱ्यांदा "रोखून धरा" असं आधी बजावत.

बाईंनी ताईला पुढे बोलावून कानात युक्ती सांगितली. ताईनं बेकरीवाल्याशी पावाच्या भावाचं बोलणं काढलं आणि मध्येच त्याचं मनगट दाबलं. हात खाली. मग सावध करून दंड दाबला. हात जागच्या जागी. कडं तेव्हा टेबलावर पडलेलं होतं. ताई आपल्या हाताकडे बघून ओशाळून हसली. गुरूंना तेवढ्यात बाहेरगावच्या भक्तांची आठवण झाली.

सोमवारी तिचा व्यायाम पुन्हा सुरू झाला. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. पहिल्या दिवशी सहावरच थांबली आणि चिडली. दोन महिन्यांनी ती दळणाचा डबा घेऊन जिना चढली, तेव्हा मी मागून मोकळ्या हातांनी चढत होतो.

स्नायूला भार द्या, विश्रांती द्या, पोटभर सकस खायला द्या, तो वाढतो. याला वेळ लागतो, आणि कुणी तो वेळ वाचवून देतो म्हणाला, तर टाळी वाजवण्याआधी त्याची बोटं कुठे आहेत ते बघा.