कोरडा रुमाल

माझे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, वेल्डर आहेत. कारखान्यात त्यांना सगळे 'डिंक' म्हणतात, कारण त्यांनी केलेला जोड सुटत नाही. हे ते स्वतःच सांगत फिरतात, तेव्हा नावही बहुधा त्यांनीच पसरवलं असावं.

त्यांनी जोडलेली स्टेनलेस स्टीलची नवी टाकी पाणी भरून तपासली, तेव्हा थेंबही गळला नाही. पण पुढची यंत्रं यायला काही महिने लागले, आणि अखेर पहिला शाम्पू भरायची वेळ आली तेव्हा टाकीच्या तळाशी, जोडाजवळ, ओल दिसली. मॅनेजरनी जोडाला दोष दिला. पुढच्या टाक्या डिंककडून काढून घ्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. तरी खात्री करायला त्यांनी मला बोलावलं, कारण धातूंची तपासणी हाच माझा धंदा. नातं मी आधीच सांगितलं.

"उत्तम," ते म्हणाले. "मेहुणीइतक्या चुका कोण काढणार?"

टाकी रिकामी करून मी बॅटरी घेऊन आत उतरले. तळाला बुळबुळीत थर होता. जोडाच्या कडेने तांबूस फोड उठले होते. एक खरवडला, तर खाली टाचणीच्या टोकाएवढं भोक. तेवढा तुकडा कापून प्रयोगशाळेत नेला. जोड ठणठणीत होता. शेजारचं स्टील मात्र किडक्या दाढेसारखं, वर बारीक तोंड आणि आत पोकळ. मला हायसं वाटलं, हे कबूल करते.

संध्याकाळी मी थेट ताईकडे गेले. भाऊजी जेवायला बसले होते, पण ताटाला हात लावला नव्हता.

"तुमचा जोड पक्का आहे," मी म्हटलं.

"ऐकलंस?" ते ताईवर ओरडले, जणू तिनेच आरोप केला होता. मग पहिला घास घेतला. "मग गळतंय कशानं?"

"जंतूंनी. ते स्टीलला चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर करतात. त्याखाली हवा पोचत नाही. गंजापासून वाचवणारा स्टीलचा पापुद्रा तिथे टिकत नाही, आणि स्टील आतून खाल्लं जातं. जोडाजवळ, तापलेल्या भागात, त्यांचं जास्त फावतं."

"पण नव्या टाकीत आले कुठून?"

"चाचणीच्या पाण्यातून. चाचणी झाली की पाणी काढून टाकी कोरडी करायची असते. कोणीतरी ते महिनोन्‌महिने तसंच ठेवलं."

भाऊजींचा हात ताटातच थांबला. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अहो, तुम्हीच ना," ती हळूच म्हणाली, "पाणी राहू द्या म्हणाला होतात?"

मलाही तेव्हा आठवलं. कारखान्यात कोणीही पाहुणा आला की भाऊजी त्याला त्या भरलेल्या टाकीपाशी न्यायचे. बाहेरून जोडावर पांढरा रुमाल फिरवायचे आणि म्हणायचे, "बघा, कोरडा!" मलाही दाखवला होता. मी कौतुक केलं होतं.

मला त्यांची दया आली आणि रागही आला.

"अहवालात जोड पक्का असं लिहिणार ना?" त्यांनी विचारलं.

"लिहिणार."

"आणि पाण्याचं?"

"तेही लिहावं लागेल, भाऊजी."

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"लिही," ते म्हणाले. "पण आधी जोडाचं लिही."