जेली घट्ट होईना

पचनसंस्था शिकवणाऱ्या मास्तरांनी लेकीला फोनवर शब्द दिला होता: जेवताना व्हिटॅमिन, एन्झाइम, आतडं यांतलं काहीएक तोंडातून काढणार नाही. लहानपणापासून घासाघासाला व्याख्यान ऐकून तिचे कान किटले होते. गेल्या खेपेला मास्तर जावयाच्या भरल्या ताटाकडे बोट दाखवून यकृतावर घसरले, तेव्हा ती उठून गेली ती गेलीच. त्यानंतर आज पहिल्यांदा येत होती, एकटी. "पुन्हा तेच झालं तर या घरात पाय ठेवणार नाही, बाबा," असं तिने स्वच्छ सांगितलं होतं.

मास्तरांचं धाबं दणाणलं. तिला खूश करायला त्यांनी तिच्या आवडीची अननसाची जेली स्वतः करायला घेतली. बायको डब्यातला अननस आणते म्हणाली, तर हे गरजले, "डब्यातला? अगं, त्यात व्हिटॅमिन औषधालाही उरत नाही!" आणि बाजारातून ताजा अननस घेऊन आले.

दुपारी फ्रिज उघडला, तर भांड्यात पाणी.

"अहो, ही खायची की प्यायची?" बायकोने विचारलं.

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. ताज्या अननसातलं एन्झाइम प्रथिनं तोडतं, आणि जेली घट्ट करणारं जिलेटिन म्हणजे प्रथिनच की! पाहुणी यायच्या आत भांड्यातच पचन उरकलं होतं. डब्यातला अननस तापवलेला असतो, त्यात ते एन्झाइम जिवंत राहत नाही. याच प्रश्नावर मास्तरांनी पोरांचे मार्क कापले होते. 'वा रे पठ्ठ्या,' ते स्वतःला म्हणाले, 'शिकवून शिकवून तुझ्याच डोक्यात काही शिरलं नाही.'

जेवण झालं, पण कसलं? मास्तर गप्प, म्हणून सगळेच गप्प. व्हिटॅमिन वगळून लेकीशी बोलायचं काय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं त्यांना. लेकीने पर्स खांद्याला अडकवली. "निघते मी." बायकोने घाईघाईने जेली पेल्यांत ओतली.

"ही अशी पातळ का झाली?" लेकीने विचारलं.

आली का पंचाईत! उत्तर जिभेवर नाचत होतं. "कोण जाणे बाई," मास्तर म्हणाले.

"ताजा अननस घातलात ना? मग बरोबर!" तिने थेट मास्तरांसारखं बोट वर केलं. "त्यातलं व्हिटॅमिन सी जिलेटिनला घट्ट होऊच देत नाही. तुम्हीच तर सांगितलं होतंत, मी इतकीशी होते तेव्हा!"

साफ चूक! व्हिटॅमिन सी बिचाऱ्याचा काय संबंध? मास्तरांनी तोंड उघडलं. बायकोने श्वास रोखून त्यांच्याकडे पाहिलं. पण लेक बोलत होती, डोळे चमकवत. म्हणजे पोरगी ऐकत होती तर! मास्तरांना भरून आलं.

"अस्सं होय!" ते म्हणाले. "मग गं? पुढे काय होतं?"

लेकीने पर्स काढून खुर्चीला अडकवली आणि सांगायला बसली.