आठ नंबरचा जोड

फोटोत सत्यभामेचं तोंड नव्हतं. गुडघ्याखालचा भाग तेवढा होता. काळी पँट, नडगीवरचं पॅड, आणि उजव्या पायात बूट. त्या बुटाचा तळ पुढून उघडून कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबत होता आणि पोती शिवायच्या सुतळीनं पायाला बांधला होता. वर तिच्याच सोबतचा पंच राजदीप यानं लिहिलं होतं, "हे आपल्या जिल्ह्याचे पंच. ज्यांना स्वतःचे बूट सांभाळता येत नाहीत ते मॅच काय सांभाळणार? राज्यात आपलं नाक कापलं जाण्याआधी कोणीतरी विचार करावा."

नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. सॉफ्टबॉलच्या सामन्यात कॅचरच्या मागं पंच म्हणून उभी राहणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात एकच होती.

शनिवारी सकाळी, ती शिकवत होती त्या दारव्ह्याच्या शाळेत, प्रार्थनेआधी क्लार्कनं तिला तो फोटो दाखवला. "मॅडम, हा तुमचाच पाय आहे ना?" असं विचारताना त्याला हसू आवरत नव्हतं. सत्यभामेनं मोबाईल हातात घेतला आणि खालचे शेरे एकेक करून वाचले. कोणी लिहिलं होतं, पुढच्या वेळी चपला घालून या म्हणावं. कोणी लिहिलं होतं, बाईमाणसाचं काम आहे का हे, घरकामाला लावा. तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांसमोर उभं राहून तिनं प्रार्थना म्हटली खरी, पण आपण काय म्हटलं ते तिला कळलं नाही.

बारा वर्षं ती पंचगिरी करत होती. उन्हात उभं राहून, अंगावर चेंडू झेलून, दोन्हीकडच्या मास्तरांच्या शिव्या खाऊन. या वर्षी पहिल्यांदा राष्ट्रीय सामन्यांसाठी विभागातून तिचं नाव जाणार होतं. यादी सोमवारी निघायची होती.

मधल्या सुट्टीत पंजाबरावांचा फोन आला. विभागाच्या पंच समितीचे ते प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण लोकांच्या तोंडाला फार भ्यायचा.

"मॅडम, मले चार जणांनी तो फोटो पाठवला."

"साहेब, मॅच चालू असताना बूट फाटला. सुतळी बांधून मी मॅच पूर्ण केली. याच्यात माझी काय चूक?"

"चूक आहे असं मी म्हणत नाही. लोक काय म्हणतील ते म्हणून राह्यलो. उद्या फायनल पाहाले मी दिग्रसले येतो. तवापर्यंत तुमचं नाव मी पेन्सिलनं लिहून ठेवतो."

शाळा सुटल्यावर ती दिग्रसच्या जीपमध्ये बसली. बोंडअळीचं साल होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती, पण बोंडं किडून काळी पडलेली, आणि जीपमधले लोक त्याच एका गोष्टीवर बोलत होते. सत्यभामेला काही ऐकू येत नव्हतं. तिनं मोबाईल काढला आणि लिहायला लागली. मागच्या साली पुसदला राजदीपनं तीन गडी बाद झाल्यावरही डाव चालू ठेवला होता, ते लिहिलं. यवतमाळला पाण्याच्या सुट्टीत तो झोपला होता, ते लिहिलं. बारा वर्षांत ती कोणाची चूक विसरली नव्हती. सगळं लिहून झालं, आता फक्त बोट टेकवायचं राहिलं होतं.

बोट टेकलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. बारदानाची आठवण झाली म्हणून.

दिग्रसच्या ज्या जिनिंगच्या आवारात सामने चालले होते, तिथं रहमतचाचा फिटर होते. तीस वर्षांचे जुने पंच, सत्यभामेला आणि राजदीपला दोघांनाही त्यांनीच तयार केलेलं. या साली कापूसच येईना, आठवड्यातून दोन दिवस जेमतेम यंत्रं चालायची, म्हणून मालकानं रिकामं आवार शाळांच्या सामन्यांना दिलं होतं. पंचांची एक रीत चाचांनी घालून दिली होती. सामना कुठंही असो, संपला की सगळ्यांनी बाजूला, या साली गाठी बांधायच्या प्रेसघराच्या मागं, बारदान टाकून बसायचं आणि बूट काढायचे. ज्याच्या पायात बूट आहेत त्याला त्याच्या चुकीबद्दल कोणी एक शब्द बोलायचा नाही. बूट काढले की काहीही बोला, आईबाप सोडून. तू झोपला होता, तुले दिसत नाही, तू मास्तरले भ्यायला. बोलून झालं की बूट घालायचे आणि तो विषय तिथंच बारदानावर टाकून उठायचं. बाहेर एक अक्षर जायचं नाही. बारा वर्षांत गेलं नव्हतं.

सत्यभामा पोचली तेव्हा चाचा बारदानावर बसून तोच उजवा बूट आरीनं शिवत होते. जिनिंगच्या यंत्रांचे पट्टे शिवायचा मेणाचा दोरा होता हातात. हा जोड जिल्ह्याचा एकुलता एक. पुढं लोखंडी टोपी असलेले काळे बूट, कॅचरच्या मागं उभ्या राहणाऱ्या पंचासाठी, म्हणजे चेंडू पायावर आला तरी बोटं फुटू नयेत. नंबर आठ. ज्याची मॅच त्याच्या पायात. सत्यभामेचा पाय पाच नंबरचा, ती दोन मोजे घालून वर बोटांकडं कापूस कोंबायची.

राजदीप नळावर तोंड धुऊन आला. त्याच्या पायात पांढरे खेळाचे बूट होते.

"बूट काढ," सत्यभामा म्हणाली.

"मॅडम, आज तर तुमची मॅच नव्हती."

"बूट काढ. मले बोलायचं आहे."

त्यानं काढले. तिनंही सँडल काढून बाजूला ठेवली आणि बसली.

"तू थर्ड बेसवर उभा होता. ड्युटीवर होता. अन् खिशातून मोबाईल काढून माझ्या पायाचा फोटो काढला."

"तवा इनिंग संपली होती."

"मॅच संपली होती काय?"

राजदीप बारदानाचे धागे उपसू लागला. "मी तुमच्यावर नाही लिहिलं, मॅडम. आपल्या इथं काही स्टँडर्ड नाही, त्याच्यावर लिहिलं. वरच्यांनी नवे बूट द्यावेत म्हणून."

"मग वरच्यांचा फोटो टाकायचा होता. माझा पाय कायले टाकला?"

"चारशे लोकांनी पाहिलं. काही तर होईल न याचं."

"होऊन राह्यलं. माझं नाव कटून राह्यलं. हे तुले इथं बसून सांगता येत नव्हतं? मी तुले खाल्लं असतं काय?"

"खाल्लं असतं," रहमतचाचा मान न उचलता म्हणाले. पण कोणी हसलं नाही.

"अन् सकाळच्या मॅचले हा जोड कोणाच्या पायात होता?" सत्यभामेनं विचारलं. "तुझ्या. दुपारी माझ्याकडं आला तवाच तळ हलून राह्यलता. काय केलतं तू त्याले?"

राजदीपनं चाचांकडं पाहिलं. चाचांनी आरी खाली ठेवली.

"त्यानं नाही केलं. मी केलं."

झालं होतं असं. गुरुवारी रात्री अवकाळी पाऊस झाला, शुक्रवारी सकाळी आवारात काळ्या मातीचा चिखल. राजदीपची मॅच संपली तेव्हा बूट चिखलानं भरलेले. त्यानं धुतले आणि विचारलं, कुठं सुकवू. चाचा म्हणाले, प्रेसची मोटार चालू आहे, तिच्या पत्र्यावर ठेव. तीस वर्षं ते ओले पट्टे तिथंच सुकवत आले होते. पट्टा शिवलेला असतो, त्याला काही होत नाही. बूट चिकटवलेले होते. दोन तासांत डिंक पातळ झाला, आणि दुपारी तिसऱ्या इनिंगमध्ये तळानं जागा सोडली.

"तुम्हाले कवा समजलं?" सत्यभामेनं विचारलं.

"सुतळी बांधायले मीच आलतो न. तळ पाहिला तवाच समजलं."

"अन् काल संध्याकाळपासून गप्प बसले?"

"काल तू जीप पकडायले तशीच निघून गेली. वाटलं, आज बारदानावर सांगू."

"चाचा, लोक बारदानावर नाही बसले. लोक मोबाईलवर बसले." तिचा आवाज चढला नव्हता. राजदीपवरचा राग एक होता, हा वेगळाच होता, खोल जाणारा. बापाच्या जागी मानलेल्या माणसावरचा. "ज्यांनी पाहिलं त्यांच्यासमोर सांगा. तिथंच लिहा."

"पंचाबद्दल आपण बाहेर बोलत नाही, बेटा. मीच शिकवलं तुम्हाले."

"दुसऱ्या पंचाबद्दल बोलत नाही. स्वतःबद्दल बोलाले कोणी अडवलं?"

चाचांनी बुटातला दोरा ओढून पाहिला. मग आवारातल्याच आपल्या घराकडं हाक मारून उमेराला, म्हणजे त्यांच्या मुलीला, मोबाईल घेऊन बोलावलं. ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. "फोटोतला बूट माझ्यामुळं फाटला. गरम पत्र्यावर ठेवायला मी सांगितलं. बूट बाईंचा नाही, संघटनेचा आहे. फाटल्या बुटानं त्यांनी चार इनिंग पंचगिरी केली आणि एकही निर्णय चुकवला नाही. शेख रहमत, पंच, दिग्रस." उमेरानं मधेच विचारलं, "अब्बा, हे खरंच टाकू?" ते म्हणाले, "टाक. नावासकट टाक."

राजदीपनं त्याच संध्याकाळी फोटो काढून टाकला. पण तोवर तो कुठल्या कुठं गेला होता. फोटोला चारशेच्या वर अंगठे आले होते. चाचांच्या कबुलीला रविवार सकाळपर्यंत एकोणीस.

रविवारी पंजाबराव खुर्ची टाकून पहिल्या बेसच्या बाजूला बसले. चाचांचं वाचलं का, असं सत्यभामेनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वाचलं, मॅडम. पण लोकांनी फोटो पाहिला न." बस, एवढंच.

मुलींचा अंतिम सामना, पुसद आणि राळेगाव. सत्यभामा कॅचरच्या मागं, बेसवर राजदीप. सामन्याआधी दोघं बोलले ते कामापुरतं. थर्ड तुझा, होम माझं. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलंही नाही. चाचांची शिलाई घट्ट होती. चौथ्या इनिंगमध्ये एक चेंडू सरळ लोखंडी टोपीवर आदळला, तिनं पाय हलवला नाही.

शेवटची इनिंग. राळेगाव एका रननं मागं. त्यांची एक पोरगी जीव खाऊन थर्ड बेसकडं धावली आणि घसरली. धूळ उडाली. राजदीपनं मूठ वर केली, आऊट. राळेगावचे मास्तर ओरडत मैदानात आले, "चेंडू सुटला, चेंडू खाली पडला." पुसदच्या बाजूनं टाळ्या. कडेला उभ्या असलेल्या पन्नास लोकांनी मोबाईल वर धरले.

चेंडू पडला होता, म्हणजे पोरगी बाद नव्हती. सत्यभामेनं पडताना पाहिला होता. पुसदच्या फिल्डर मुलीच्या हातमोज्यातून तो सुटला, तिच्या अंगाआड मातीत टेकला आणि तिनं तो पटकन उचलला. राजदीप चुकीच्या बाजूला उभा होता, त्याला तिची पाठ दिसत होती फक्त.

नियम असा की निर्णय ज्याचा त्याचा. बेसवरच्या पंचानं विचारल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही. राजदीप विचारत नव्हता. ताठ उभा होता, मान लाल झालेली. तिला काही करायचंच नव्हतं. वाकून होम प्लेटवरची माती झाडत बसली असती तरी कोणी बोट दाखवलं नसतं. पन्नास मोबाईल होते. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो चार जिल्ह्यांत फिरला असता आणि तिला एक अक्षर लिहावं लागलं नसतं. खुर्चीवर पंजाबराव पुढं झुकले होते. तिनं खिशातला ब्रश हातात घेतलाही.

मग तिला राळेगावची ती पोरगी दिसली. थर्ड बेसवर धुळीत बसून ती कोणाकडंच न पाहता खरचटलेल्या कोपरावरची माती झाडत होती.

सत्यभामेनं ब्रश खिशात टाकला आणि तोंडावरची जाळी काढली. पंचांमध्ये त्याचा अर्थ एकच, माझ्याकडं काही आहे, विचारायचं तर ये. राजदीपनं पाहिलं. क्षणभर तो हलला नाही. मग आला. दोघं पिचरच्या मागं, सगळ्यांपासून दूर उभे राहिले. तिनं तोंडावर हात धरला.

"चेंडू खाली पडलता. तिच्या अंगाआड. तुझ्या जागेवरून दिसत नव्हता."

राजदीपनं मान हलवली.

"पाहून घे," ती दातांवर दात धरून म्हणाली. "चुकी सांगायची असली की अशी सांगतात. आता जा, तुझा निर्णय तू फिरव."

त्यानं थर्डकडं जाऊन दोन्ही हात पसरले, सेफ. पुसदच्या मास्तरांनी आरडाओरडा केला, तो त्यानं एकट्यानं ऐकून घेतला. राळेगाव पुढं जिंकलं की हरलं, हे त्या दोघांनाही नंतर आठवून सांगावं लागलं. हरलं होतं, एकाच रननं.

सामना संपल्यावर पंजाबराव उठून आले. "मॅडम, त्याले काय सांगितलं तुम्ही? मले रिपोर्टात लिहावं लागते, चूक कोणाची."

"ते आमच्या दोघांतलं आहे, साहेब."

"तुमच्याच फायद्याचं आहे, म्हणून विचारून राह्यलो."

"माहीत आहे. तरी नाही सांगणार. नाव कापायचं तर कापा."

मागून राजदीपचा आवाज आला. "चूक माझी होती, साहेब. मले चेंडू दिसला नाही. मॅडमनं पाहिला. लिहा तुम्ही."

पंजाबरावांनी दोघांकडं पाहिलं. खिशातून यादीचा कागद काढला, राजदीपच्याच खिशातला पेन मागून घेतला आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून सावकाश शाई फिरवली. कागद घडी करून ते गाडीकडं निघून गेले.

सत्यभामेनं आभार मानले नाहीत. ती प्रेसघराच्या मागं गेली, बसली आणि नडगीवरच्या पॅडचे पट्टे सोडू लागली. छातीवरच्या पॅडची कडी पाठीमागं होती, तिथं तिचा हात पोचत नव्हता. राजदीप जवळ आला आणि कडीकडं हात नेला.

"राहू दे," ती म्हणाली. "चाचाले बोलाव."