नसलेली गाडी

भाजीवाला न मागता मूठभर कोथिंबीर जास्त घालतो, तेव्हा मी आधी त्याच्या तराजूकडे बघते. असल्या स्वभावाच्या बाईला सोलापुरात हीच नोकरी मिळायची: मोबाइलवर भरून येणाऱ्या सर्वेक्षणांतले थापाडे हुडकून त्यांचे फॉर्म कापायचे.

या वेळचं सर्वेक्षण होतं, फिरता दवाखाना कोणत्या वस्त्यांना हवा याचं. त्यात एक प्रश्न मी मुद्दाम पेरला होता: 'तुमच्याकडे आरोग्यज्योती गाडी येते का?' अशी गाडी कुठेच नाही. जो 'हो' म्हणेल तो थापा मारतोय, एवढं नक्की.

केम गावाच्या पुढच्या एका वस्तीचे सगळे फॉर्म एकाच फोनवरून आले होते. उत्तरं सेम टू सेम, आणि गाडीला सगळ्यांचा 'हो'. सापडली टोळी, म्हणत मी खुशीत त्या नंबरला फोन लावला.

वैष्णवी नावाच्या मुलीनं उचलला.

"एकटीनंच भरलंत ना सगळं?"

"न्हाय ओ मॅडम. बाया देवळापुढं बसल्या व्हत्या, फोन माझ्या एकटीकडंच. काय सांगायचं ते आदी ठरवलं. दोघी दोन बोलल्या तर भांडणं लागत्यात की."

"आणि गाडी? अशी गाडीच नाहीये."

पलीकडे कुजबुज झाली. मग तिच्या सासूनं, बजाबाईनं फोन घेतला.

"मागं असंच इचारलं व्हतं, अमुक मिळतंय का म्हणून. जे न्हाय म्हणलं, त्यांची नावं यादीतनं गेली. म्हणून आता व्हय म्हणलं. सून दोन जिवाची हाय, बाई. दवाखाना लई लांब. नाव तेवढं कापू नगा."

दोन जिवाची! पकडलं की सगळ्यांच्याच घरात कुणीतरी आजारी निघतं. तरी मन डळमळलं. फॉर्म कापले तर अख्खी वस्तीच सर्वेक्षणातून जाणार होती.

"पुन्हा लिंक पाठवते," मी म्हटलं. "या वेळी गाडीला 'नाही' म्हणा."

"तुमी कोण? कुठनं बोलताय?" बजाबाईचा सूर एकदम बदलला. तो सूर मला चांगलाच ओळखीचा होता, माझाच होता.

संध्याकाळी नवे फॉर्म आले. गाडीला पुन्हा सगळ्यांचा 'हो'. सूचनेच्या जागी लिहिलं होतं, 'गाडी लई चांगली हाय. येळेवर येती. एक बाई फोन करून न्हाय म्हणा म्हणती, तिच्यावर ध्यान ठेवा.'

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. दुसऱ्यांदाही 'हो' आला की कापायचं, हा नियम मीच केलेला. मी कापलं.

घरी जाताना लक्षात आलं. वैष्णवीला कितवा महिना आहे, हे मी विचारलंच नव्हतं.