तुरटीत दिसलेली मान

रंगशाळेत आत्याची बावीस वर्षं गेली होती. रंग देण्याआधी सूत तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे रंग पक्का बसतो, हे तिचं काम. हौदावर वाकून वाकून मान डावीकडे कलली ती कललीच. नवऱ्याने टाकल्यापासून ती भावाकडे राहायची. पगार घरात द्यायची आणि भावाच्या मुलीला जीव लावायची.

नळाला गढूळ पाणी येऊ लागलं, तेव्हापासून ती हंड्यात तुरटी फिरवून ठेवायची. भावजयीला तिने बजावलंही होतं, "तुरटीने गाळ खाली बसतो, रोग मरत नाही. पाणी उकळून घेत जा." पण पालथ्या घड्यावर पाणी.

पोरीला उलट्या-जुलाब सुरू झाले. भावजयीने तुरटीचा खडा तिच्यावरून उतरवला आणि निखाऱ्यावर टाकला. नजर लावणाऱ्याचा चेहरा तुरटीत उमटतो म्हणतात. खडा तडतडला, फुगला, पांढरा पोकळ गोळा झाला. त्याचं एक टोक डावीकडे कललं होतं.

"मान बघा," भावजय नवऱ्याला म्हणाली. "आणखी काय पुरावा हवाय?"

"अगं, तुरटीच्या पोटातच पाणी असतं," आत्या म्हणाली. "तापली की ते उकळून बाहेर पडतं, म्हणून फुगते. कुठलाही खडा टाक, असाच वेडावाकडा होईल. आधी पोरीला दवाखान्यात ने."

"वन्सं, तुम्हाला मूलबाळ नाही. तुम्हाला काय कळणार?"

आत्या भावाकडे बघत राहिली. तो चुलीकडे बघत होता. "ताई," तो म्हणाला, "चार दिवस दुसरीकडे राहतेस का? ही जरा शांत होईल."

चोर सोडून संन्याशाला फाशी. आत्याने दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि रंगशाळेतल्या एका बाईकडे जाऊन राहिली. पोर दवाखान्यात वाचली, एवढं दुसऱ्यांकडून कळलं.

चार दिवसांचे चार महिने झाले. मग एका दुपारी भाऊ तिची ट्रंक घेऊन रंगशाळेच्या दारात उभा राहिला.

"डॉक्टर म्हणाले, पाण्यानेच झालं. नळात गटाराचं पाणी मिसळत होतं. आता पाइप बदललाय."

"मग?"

"हिच्या मनातून जात नाही गं. आणि तुझ्या खोलीत आता हिचा भाऊ राहतो."

आत्याने ओले हात पदराला पुसले. "पोर विचारते का मला?"

भावाने ट्रंक खाली ठेवली.

"आधी विचारायची," तो म्हणाला.